अशील नसलेला वकील

2009 च्या लोकसभा निवडणुकीपासून लोह्याचा मतदार एका जिल्ह्यात राहतो आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने खासदार निवडतो. कचेरी, पोलीस, जिल्हा परिषद सगळे नांदेडचे. लोकसभेचा मतदारसंघ मात्र लातूर. मतदारसंघांच्या फेररचनेने लोहा आणि कंधार हा पट्टा अहमदपूर, उदगीर, निलंगा, लातूर यांच्याबरोबर बांधला गेला. ज्या माणसाने लातूरची जागा सात वेळा जिंकली आणि जो लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला, त्या शिवराज पाटील चाकूरकरांना मत देण्याची वेळ लोहेकरांवर कधी आलीच नाही. लोहा लातूरला जोडला गेला तेव्हा ते निवडणुकीच्या रिंगणाबाहेर होते आणि जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली होती. त्यामुळे या माणसाचा हिशेब मांडायला लोह्याइतकी सोयीची जागा नाही: वारसा वाट्याला आलेला, पण उपकाराचे ओझे नाही आणि जुना रागही नाही. डिसेंबर 2025 मध्ये लातुरात वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी जे बोलले-लिहिले जाते त्यात गृहमंत्रिपदाची अखेर आणि नीटनेटका पोशाख यांचाच गाजावाजा असतो. तो हिशेब अपुरा आहे. चाकूरकरांचे खरे काम लोकसभेच्या अध्यक्षपदाच्या पाच वर्षांत झाले. ते काम आणि पुढचे अपयश, दोन्ही एकाच मुळातून आले होते: वकिलाच्या शिस्तीतून.

कंधार-लोह्याच्या माणसाला विधिमंडळ म्हटले की आधी आठवतात ते भाई केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्षाचे, कंधारचे पाच वेळा आमदार, 1977 साली नांदेडचे खासदार, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेले. सभागृह दणाणून सोडणे, सरकारला खिंडीत गाठणे, गावाकडचा प्रश्न गावाकडच्याच भाषेत मुंबईत मांडणे, ही त्यांची रीत. या भागाने लोकप्रतिनिधी मोजायची पट्टी त्यांच्यावरून घडवली आणि त्यात काही चूक नाही. पण सभागृहाला दोन प्रकारची माणसे लागतात. एक, जो नियमाच्या फटीतून आत शिरून बोलतोच. आणि दुसरा, जो त्याला बोलू देतो, थांबवतो, आणि दोन्ही वेळा नियमाचे कलम सांगू शकतो. पहिल्याचे कर्तृत्व गॅलरीतून दिसते. दुसऱ्याचे दिसत नाही, कारण सभागृह सुरळीत चालले तर त्याची बातमी होत नाही. चाकूरकर या दुसऱ्या प्रकारचे होते. धोंडग्यांच्या पट्टीने त्यांना मोजायला गेले तर ते फिके वाटणारच.

ही शिस्त आली कुठून, हे पाहायला जुन्या हैदराबाद संस्थानात जावे लागते. निझामाच्या राज्यात न्यायालये होती, वकील होते, उर्दूतून चालणारा कायद्याचा कारभार होता. लोकांनी निवडलेले, सरकारला जाब विचारणारे सभागृह मात्र नव्हते. सभा घ्यायची तर आधी परवानगी, ‘गश्ती निशाण 53’ सारख्या फर्मानांचा जाच, आणि 1938 साली स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी. अशा राज्यात रयतेतल्या माणसाने सत्तेसमोर उभे राहून युक्तिवाद करावा आणि सत्तेने तो निदान ऐकून घ्यावा, अशी जवळजवळ एकच जागा उरत होती: न्यायालय. त्यामुळे मराठवाड्याच्या पहिल्या पिढीच्या राजकारणात वकील मोठ्या संख्येने दिसतात, हा योगायोग नाही. नांदेड भागातले दिगंबरराव बिंदू वकिलीतून निझामविरोधी लढ्यात आले आणि पुढे हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात बसले. शंकरराव चव्हाणांनी उस्मानियातून कायद्याची पदवी घेतली आणि मुक्तिलढ्यासाठी वकिलीकडे पाठ फिरवून उमरखेडच्या छावणीत काम केले. नंतरच्या काळात शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हेही कायदा शिकूनच राजकारणात आले. नांदेड-लातूरने राज्याला दिलेल्या चार मुख्यमंत्र्यांपैकी तिघे असे कायद्याचे पदवीधर आहेत.

पण या तिघांनी सत्ता चालवली. चाकूरकरांनी सभागृह चालवले. हा फरक लहान नाही. 12 ऑक्टोबर 1935 रोजी चाकूरला जन्म, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण, मुंबई विद्यापीठातून कायदा, मग वकिली, आणि 1967 मध्ये लातूरचे नगराध्यक्षपद. नंतर ते लातूरमधून आमदार झाले. पुढची पायरी-पायरी पाहिली तर एक गोष्ट नजरेत भरते. विधानसभेत सार्वजनिक उपक्रम समितीचे अध्यक्ष, मग विधी व न्याय खात्याचे उपमंत्री, 1977 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष, 1978 मध्ये अध्यक्ष; 1980 मध्ये लोकसभेत गेल्यावर संरक्षण, वाणिज्य, विज्ञान-तंत्रज्ञान, नागरी उड्डाण अशा खात्यांची राज्यमंत्रिपदे, 1990 मध्ये लोकसभेचे उपाध्यक्ष आणि 10 जुलै 1991 रोजी अध्यक्ष. विधानसभा आणि लोकसभा या दोन्हींत उपाध्यक्ष होऊन मग अध्यक्ष झालेला माणूस विरळाच. मंत्रिपदाच्या काळातले त्यांचे एखादे ठळक काम सांगा म्हटले तर अभ्यासकालाही थांबून विचार करावा लागेल. अध्यक्षपदाच्या काळातली कामे मात्र आजही संसदेच्या नियमावलीत सापडतात.

त्यांचे दोन अध्यक्षपदांचे काळ शेजारी ठेवले की त्यांची घडण समजते. मार्च 1978 मध्ये ते विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि चारच महिन्यांत, अधिवेशन चालू असताना, शरद पवार काँग्रेसमधला मोठा गट घेऊन बाहेर पडले. वसंतदादा पाटलांचे सरकार गेले आणि 18 जुलैला पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आले. महाराष्ट्राच्या राजकारणातली ही सर्वांत गाजलेली फूट अध्यक्षाच्या डोळ्यांसमोर झाली. पण तिच्याबाबत निवाडा करायला त्याच्या हातात कायदाच नव्हता. पक्षांतरबंदी आली 1985 मध्ये, 52 व्या घटनादुरुस्तीने. त्यानंतर 1991 मध्ये ते लोकसभेच्या अध्यक्षपदी बसले तेव्हा चित्र उलटे होते. नरसिंह रावांचे सरकार अल्पमतातले, एकेका खासदाराला भाव, आणि पक्षांतराचा निवाडा करण्याचा अधिकार आता अध्यक्षाकडे. त्यातच 18 फेब्रुवारी 1992 रोजी सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान खटल्यात सांगितले की हा निवाडा करताना अध्यक्ष न्यायाधिकरण म्हणून काम करतो आणि त्याच्या निर्णयाची न्यायालय तपासणी करू शकते. म्हणजे पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या माणसाने, पक्षांतराच्या दाव्यात, न्यायाधीशाच्या काटेकोरपणाने बसायचे. या खुर्चीत वकिलाचे सगळे कौशल्य लागते. फक्त वकिलाला एरवी जो अशील असतो, तो इथे नसतो.

अशील नसलेला वकील कसा वागतो, याचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. 10 आणि 11 मे 1993 ला लोकसभा जवळजवळ न्यायालय झाली होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने 14 पैकी 11 आरोपांत त्यांना दोषी ठरवले होते. ठराव मांडला सोमनाथ चॅटर्जींनी, तेही पेशाने वकील. बचावाला उभे राहिले कपिल सिब्बल. ते तेव्हा खासदार नव्हते, म्हणून सभागृहाच्या सीमेवर, ज्याला ‘बार’ म्हणतात तिथे, उभे राहून तासन्‌तास बोलले. ज्या सभागृहात बाहेरच्या माणसाला शब्द उच्चारण्याचा अधिकार नसतो, तिथे आरोपीच्या वकिलाला पूर्ण वाव मिळाला. आधी आरोप, मग बचाव, मग सदस्यांची मते, असा क्रम पाळला गेला. स्वतंत्र भारतात याआधी असे कधी घडले नव्हते, त्यामुळे पूर्वीचा दाखला काढून बघण्याची सोय नव्हती. निकाल राजकारणाने लावला: 196 मते ठरावाच्या बाजूने, विरोधात एकही नाही, आणि काँग्रेस व मित्रपक्षांचे 205 सदस्य तटस्थ. ठराव पडला. त्या तटस्थतेचे समर्थन करणे कठीण आहे, पण ते पाप पक्षाचे. आपली बाजू ऐकून घेतली नाही, असे म्हणायला मात्र त्या दिवशी कोणालाही जागा उरली नाही.

‘आधी कागद वाचा, दोन्ही बाजू ऐका, मग मत द्या’ हीच रीत त्यांच्या सर्वांत टिकाऊ कामाच्या मुळाशी आहे. 1993 पर्यंत केंद्राच्या अर्थसंकल्पाची अवस्था अशी होती की अनुदानाच्या मागण्यांपैकी चार-दोन मंत्रालयांवर चर्चा व्हायची, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाकी सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकून मंजूर केल्या जायच्या. संसदेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. म्हणजे शेती, शिक्षण, आरोग्य यांपैकी एखाद्या खात्याचा अख्खा वर्षाचा खर्च एकाही प्रश्नाशिवाय पार होऊ शकत असे. 31 मार्च 1993 रोजी उपराष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते विभागसंलग्न स्थायी समित्यांचे उद्घाटन झाले आणि एप्रिलपासून 17 समित्या कामाला लागल्या. तेव्हा प्रत्येकीत 45 सदस्य होते: 30 लोकसभेचे, 15 राज्यसभेचे. मंत्र्याला समितीत जागा नाही. अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा झाली की सभागृह काही काळ तहकूब, आणि त्या काळात समित्यांनी प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासून अहवाल द्यायचा. सचिवांना समोर बसवून विचारायचे: गेल्या वर्षी एवढी रक्कम घेतली होती, ती खर्च का झाली नाही? विधेयके, वार्षिक अहवाल, दीर्घ मुदतीची धोरणे हेही त्यांच्याकडे. रोजच्या कारभारात मात्र नाक खुपसायचे नाही.

याचा अर्थ काय झाला? विरोधी बाकावरच्या, पहिल्यांदा निवडून आलेल्या, इंग्रजी भाषणाची भीती वाटणाऱ्या खासदारालाही सचिवाला थेट प्रश्न विचारण्याची हक्काची जागा मिळाली. सभागृहात बोलायला पक्षाने वेळ द्यावा लागतो. समितीत सदस्य असणे पुरते. दारे बंद असल्याने टाळ्या नाहीत, कॅमेरा नाही, आणि म्हणून पक्षाभिनिवेशही कमी. त्याच काळात त्यांनी सभागृहाची दारे दुसऱ्या बाजूने उघडली: 1994 च्या डिसेंबरपासून प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला. संसदेच्या ग्रंथालयासाठी स्वतंत्र इमारतीचे रखडलेले काम 1994 मध्ये भूमिपूजनाने मार्गी लागले आणि 2002 मध्ये ती इमारत उभी राहिली. उत्कृष्ट संसदपटू पुरस्कारही त्यांच्याच कारकिर्दीतला. पहिले मानकरी पाहा: इंद्रजित गुप्त, अटलबिहारी वाजपेयी, चंद्रशेखर. काँग्रेसमधून आलेला अध्यक्ष खुर्चीत असताना गौरव झाला तो काँग्रेसविरोधकांचा. चर्चा लोकांना दिसावी, छाननी शांतपणे व्हावी, सदस्याला अभ्यासाची साधने मिळावीत आणि चांगल्या कामाची दखल पक्ष न पाहता घेतली जावी, असा एक सलग विचार या चारही कामांमागे दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा की समित्यांची कल्पना चाकूरकरांची नव्हती. हे खरे आहे. शेती, विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण या विषयांच्या तीन समित्या 1989 मध्ये, बलराम जाखड अध्यक्ष असतानाच झाल्या होत्या, आणि पुढच्या विस्ताराचा विचारही आधीपासून चालू होता. ब्रिटनच्या संसदेत अशी रचना 1979 पासून होती. पण तीन समित्यांचा प्रयोग आणि सगळ्या मंत्रालयांना कवेत घेणारी, अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकातच बसवलेली रचना यांत मोठे अंतर आहे. हे अंतर अल्पमतातल्या सरकारच्या काळात, दोन्ही सभागृहांना आणि सर्व पक्षांना बरोबर घेऊन कापले गेले, हे विसरू नये. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत आणि सरकारला वाटले तर विधेयक समितीकडे जातच नाही. 15 व्या लोकसभेत सुमारे 70 टक्के विधेयके समित्यांकडे गेली. 17 व्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवर आले. मग ही संस्था पोकळच म्हणायची का? आकडे नेमके उलटे सांगतात. समितीकडे विधेयक न पाठवण्याची गरज सरकारांना वाटू लागली, याचाच अर्थ ती छाननी त्यांना अडचणीची ठरत होती. विहिरीला पाणी आहे म्हणूनच तिच्यावर झाकण घालावेसे वाटते. दोष बांधणाऱ्याचा नाही.

तिसरा आक्षेप निःपक्षपणाचा. 28 जुलै 1993 रोजी नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव 251 विरुद्ध 265 मतांनी पडला आणि त्यातली काही मते पैसे देऊन मिळवल्याचे प्रकरण पुढे झारखंड मुक्ती मोर्चा लाचप्रकरण म्हणून गाजले. अध्यक्षाच्या नाकाखाली सभागृहाची मते विकली गेली, मग कसली शिस्त? मते मोजताना त्यांच्यामागचा व्यवहार अध्यक्षाला दिसत नाही, हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही. कारण याच काळात जनता दलाच्या फुटीचे प्रकरण अध्यक्षांपुढे होते. जुलै 1992 च्या मतदानात व्हिप मोडल्याच्या तक्रारीवर निकाल आला तो जून 1993 मध्ये. त्यांनी काही सदस्यांना अपात्र ठरवले, सुनावणी घेतली, कारणे लिहून निकाल दिला. पण त्यात महिनोन्‌महिने गेले, आणि पक्षांतराच्या दाव्यात उशिराचा फायदा नेहमी फुटणाऱ्यांना आणि सत्ताधाऱ्यांना होतो. दिवाणी न्यायालयात तारीख पडली तर वादी-प्रतिवादी थांबतात. राजकारण थांबत नाही. पुढच्या काळात ठिकठिकाणच्या विधानसभांत अध्यक्षांनी याच उशिराचे हत्यार केले आणि महाराष्ट्राने तर ते 2022 नंतर उघड्या डोळ्यांनी पाहिले. चाकूरकरांच्या उशिरात लबाडी होती असे दाखवणारा पुरावा नाही. पण वकिली काटेकोरपणाला मुदतीची जोड नसेल तर न्याय निसटतो, हा धडा त्यांच्या निकालातही होता आणि तो कोणी घेतला नाही. हे वजन त्यांच्या पारड्यातून काढता येत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यांना ठाऊक आहे. 2004 मध्ये लातुरात रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांना हरवले. तरीही राज्यसभेतून आणून त्यांना देशाचे गृहमंत्री केले गेले. पुढे मुंबईच्या लोकलगाड्या, हैदराबाद, जयपूर, अहमदाबाद, दिल्ली असे स्फोटांमागून स्फोट झाले. 13 सप्टेंबर 2008 च्या दिल्लीतल्या स्फोटांच्या संध्याकाळी ते वेगवेगळ्या पोशाखांत दिसले आणि देशभर टीकेचे धनी झाले. 26 नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर 30 नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पोशाखाची टिंगल सोडून द्यावी. मूळ मुद्दा गंभीर आहे. गृहखात्यात दोन्ही बाजू ऐकून घेण्याला वेळ नसतो. तिथे अशील असतो: घाबरलेली जनता. तिची बाजू घेऊन, अपुऱ्या माहितीवर, मध्यरात्री निर्णय घ्यायचा असतो. वकिलांना हे जमतच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्यानंतर आलेले पी. चिदंबरमही वकीलच, आणि त्यांच्या पहिल्याच महिन्यात राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा संसदेत मंजूर झाला. तेव्हा दोष पेशाचा नव्हता. वर्षानुवर्षे मध्यस्थाच्या जागी बसून घडलेला स्वभाव अचानक एका बाजूचा कैवारी होऊ शकला नाही. नियुक्ती करणाऱ्यांना हे आधी कळायला हवे होते, आणि नकार देण्याचा अधिकार त्यांनाही होता. अपयश त्यांचेच आहे. मात्र त्या साडेचार वर्षांवरून अध्यक्षपदाच्या पाच वर्षांचा निकाल लावणे म्हणजे एका दाव्यातला पुरावा दुसऱ्या दाव्यात वाचणे.

राहिला तो मराठवाड्याचा स्वतःचा आक्षेप: त्यांनी आणले काय? सात वेळा निवडून दिले, दिल्लीत एवढी पदे मिळाली, तर कारखाना कुठे, पाणी कुठे, रेल्वे कुठे? मागास राहिलेल्या प्रदेशाने हा प्रश्न विचारणे रास्त आहे, आणि 2004 च्या पराभवात त्याचा वाटा होता असे मानायला जागा आहे. त्याच मातीतल्या शंकरराव चव्हाणांच्या नावाशी जायकवाडी जोडली गेली, विलासरावांच्या नावाशी लातूरचे साखर कारखाने आणि संस्था. चाकूरकरांच्या नावाशी जोडायला गावात दाखवण्यासारखे फार थोडे आहे. पण खासदार हा मुळात कायदे करणारा आणि सरकारी खर्चावर नजर ठेवणारा माणूस आहे, आणि त्या कामाची अवजारे धारदार करणे हेही प्रदेशाचेच काम आहे. मागास भागाला ते अधिक लागते. पुणे-मुंबईच्या मागणीला वर्तमानपत्रे, उद्योगपती, अधिकारी अशी दहा तोंडे असतात. लोह्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वतीने कृषी सचिवाला पीक विम्याबद्दल विचारण्याची हक्काची जागा म्हणजे तीच, चाकूरच्या वकिलाने खासदारांसाठी उघडलेली समितीची खोली. तिथे कोणी विचारत नसेल तर दोष खोलीचा कसा?

म्हणून लोह्याच्या मतदाराने पुढच्या वेळी लातूरच्या उमेदवाराला रस्ता, पाणी आणि रेल्वे यांबद्दल जरूर विचारावे, पण दोन प्रश्न आणखी विचारावेत: तुम्ही किंवा तुमच्या पक्षाचा मावळता खासदार कोणत्या स्थायी समितीवर होता, आणि तिच्या किती बैठकांना हजर राहिला? शिवराज पाटील चाकूरकरांचे स्मारक लातुरात उभारायचे की चाकुरात, यावर चर्चा होत राहील. हे दोन प्रश्न मराठवाड्याच्या प्रचारसभेत विचारले जाऊ लागले, तर वेगळ्या स्मारकाची गरज उरणार नाही.